पृथ्वी सावरेल, पण कोणाच्या मुदतीत?

कूर्मगती (मूळ लेख)

हवामानबदलाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. कोणी तळमळीने म्हणते की पृथ्वी वाचवली पाहिजे. त्यावर दुसरे कोणी हसून म्हणते की पृथ्वीने याहून मोठी संकटे पचवली आहेत, तिची काळजी तुम्ही करू नका. दुसरे वाक्य माझ्या मते खरे आहे, आणि ते खरे असूनही ज्या निर्धास्त सुरात ते उच्चारले जाते तो सूर मला खटकतो. पृथ्वी सावरते म्हणजे नेमके काय होते, आणि त्याला किती वेळ लागतो, हे पाहिले तर त्या वाक्यातला दिलासा फारसा शिल्लक राहत नाही, असे मला वाटते.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन वातावरणात साचू लागला, आणि ज्या जीवांना तो सोसत नव्हता त्यांना चिखलाच्या, गाळाच्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या जागांमध्ये माघार घ्यावी लागली. पुढे सुमारे ७२ कोटी ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दोन वेळा हिमाने जवळजवळ विषुववृत्तापर्यंत मजल मारली. २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, आजच्या सायबेरियात लाव्ह्याचे प्रचंड उद्रेक झाले आणि सागरी प्रजातींपैकी अंदाजे दहातल्या नऊ नाहीशा झाल्या. ६.६ कोटी वर्षांपूर्वी सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा एक पाषाण आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ आदळला आणि एकूण प्रजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश गेल्या. या प्रत्येक प्रसंगानंतर समुद्र राहिले, वातावरण राहिले आणि जीवसृष्टीही राहिली.

हे केवळ नशिबाने झालेले नाही. पृथ्वीजवळ तापमान आटोक्यात ठेवणारी एक यंत्रणा आहे आणि वॉकर, हेज व कास्टिंग या तीन शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ती नेमकेपणाने मांडली. हवेतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल सिलिकेट खडकांचे विदारण करते, म्हणजे त्यांना हळूहळू झिजवते, त्यातून सुटलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नद्यांवाटे समुद्रात जातात, तेथे जीवांची कवचे बनतात आणि शेवटी तो कार्बन चुनखडीच्या रूपाने समुद्रतळाशी गाडला जातो. हवा तापली की पाऊस वाढतो, विदारणाचा वेग वाढतो आणि हवेतला कार्बन अधिक वेगाने ओढला जातो. हवा गार पडली की हे काम मंदावते आणि ज्वालामुखींतून येणारा वायू हळूहळू साठत जातो. गोठलेली पृथ्वी वितळली ती याच मार्गाने, कारण खडक बर्फाखाली झाकलेले असताना विदारण जवळपास थांबले होते आणि ज्वालामुखी मात्र थांबले नव्हते.

आता या यंत्रणेची गती पाहा. गोठण्याच्या पहिल्या पर्वातून बाहेर पडायला पृथ्वीला साडेपाच कोटी वर्षांहून अधिक काळ लागला. पर्मियन विलोपनानंतर, म्हणजे प्रजातींच्या त्या सामूहिक नाशानंतर, परिसंस्था पुन्हा भरात यायला पन्नास लाख ते एक कोटी वर्षे लागली. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पॅलिओसीन आणि इओसीन या भूशास्त्रीय कालखंडांच्या सीमेवर तापमान पाच ते आठ अंशांनी वाढले होते, आणि ते उतरायला दीड ते दोन लाख वर्षे गेली. आपण ज्याला इतिहास म्हणतो, म्हणजे शेती, गावे, लिपी, राज्ये, कायदे, तो सगळा होलोसीन या गेल्या ११,७०० वर्षांच्या, बऱ्यापैकी स्थिर तापमानाच्या काळात मावतो. पृथ्वीच्या सावरण्याची सगळ्यांत चपळ नोंदही या काळाच्या दहा-पंधरा पट लांब आहे.

सावरणे या शब्दालाही येथे एक वेगळाच अर्थ आहे. पर्मियनच्या आधी समुद्रात प्रवाळ होते. त्यांचे दोन मोठे गट, रुगोसा आणि टॅब्युलाटा, त्या विलोपनात समूळ गेले आणि त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे समुद्रात प्रवाळभित्तीच नव्हत्या. नंतर जे प्रवाळ आले, आणि आज ज्यांची छायाचित्रे आपण पाहतो, ते वेगळ्याच कुळाचे आहेत. पृथ्वीच्या जमाखर्चात 'प्रवाळ' हे खाते पुन्हा उघडले गेले. जुने खातेदार मात्र परत आले नाहीत. आपण पृथ्वीला चिवट म्हणतो तेव्हा या प्रकारच्या चिवटपणाबद्दल बोलत असतो, आणि त्यात कोणत्याही एका प्रजातीसाठी काही राखून ठेवलेले नसते.

निम्नदाब

लेख आवडला, परंतु मला एक बाजू राहून गेलेली दिसते. माणूस ही काही होलोसीनमध्ये जन्मलेली प्रजाती नाही. आपण सुमारे तीन लाख वर्षे आहोत, म्हणजे शेवटचे संपूर्ण हिमयुग आपण पाहिले आहे. त्या हिमयुगाच्या ऐन भरात पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी, काही अनुमानांनुसार त्याहूनही थोडे अधिक, खाली होते आणि समुद्र १२० मीटरहून अधिक खाली होता. हाती दगडी हत्यारे आणि कातडी वस्त्रे असताना आपले पूर्वज तगले. बर्फाळ प्रदेशापासून वाळवंटापर्यंत सर्वत्र राहू शकणारे इतके मोठे दुसरे सस्तन प्राणी किती आहेत? अशा प्रजातीला नाजूक म्हणणे मला पटत नाही.

शिवाय निसर्ग सावरायला नेहमीच लाखो वर्षे घेतो असेही नाही. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटाचा स्फोट झाला तेव्हा त्या बेटावर जिवंत काही उरले नव्हते. दुसऱ्या वर्षी तेथे गेलेल्या शोधकांना एकच एक कोळी सापडला होता. पन्नास वर्षांच्या आत त्याच बेटावर दाट जंगल उभे होते.

कूर्मगती

निम्नदाब, हिमयुगाचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मला मान्यही आहे. माणूस ही प्रजाती हवामानबदलाने नामशेष होईल असे मला वाटत नाही. मात्र हिमयुगातून जे तगले ते कसे तगले हे पाहायला हवे. आज ब्रिटन आणि युरोपचा मुख्य भूभाग यांच्यामध्ये जो उथळ समुद्र आहे तेथे तेव्हा डॉगरलँड नावाने ओळखली जाणारी जमीन होती, आणि तेथे माणसे शिकार करत, मासेमारी करत राहत होती. समुद्र चढत गेला आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ती जमीन पाण्याखाली गेली. माणसे तोपर्यंत बाजूला सरकत गेली होती. त्यांना सरकता आले, कारण सरकायला जागा होती, सीमा आखलेल्या नव्हत्या, मागे ठेवून जाण्यासारखे फारसे काही नव्हते आणि साऱ्या जगाची लोकसंख्या काही दशलक्षांच्या घरात होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपण ८०० कोटी झालो. मी 'नाजूक' म्हणतो ते त्या ८०० कोटींना एका जागी बसून जगवणाऱ्या व्यवस्थेला. शिकारी टोळीपाशी जी चपळाई होती ती बंदर, धरण, भुयारी रेल्वे आणि सातबारा यांच्यापाशी नाही.

क्राकाटोआबद्दल मात्र मी पुराजीवी यांनी लिहावे अशी विनंती करतो, कारण तो त्यांचा विषय आहे.

पुराजीवी

विनंतीबद्दल आभार. क्राकाटोआचे उदाहरण अचूक आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष निम्नदाब यांनी काढला त्याच्या उलट आहे. ते बेट स्वतःहून सावरले नाही. त्याच्या एका बाजूला जावा आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा, दोन्ही जिवंत आणि हिरवी, होती. नेच्यांचे बीजाणू वाऱ्याने आले, बिया पक्ष्यांच्या पोटातून आणि लाटांवरून आल्या, कोळी आपल्याच धाग्यावर तरंगत आला असणार. परिसंस्थेचे लवकर सावरणे म्हणजे बहुधा शेजाऱ्याकडून घेतलेली उसनवारी असते. जंगलातला एक तुकडा जळाला तर उरलेले जंगल त्याला बी पुरवते. तापमानवाढ सर्वत्र एकाच वेळी होते तेव्हा उसने देणारा शेजारी कोण, हा प्रश्न उरतो, आणि उंच पर्वताच्या माथ्यावरच्या वनस्पतीला तर सरकायला वरची जागाही नसते.

परिसंस्थाशास्त्रात हॉलिंग यांनी १९७३ मध्ये लवचिकतेची जी संकल्पना मांडली ती येथे उपयोगी पडेल. त्यांच्या म्हणण्यानुसार, धक्का बसल्यावर एखादी व्यवस्था किती लवकर पूर्वस्थितीला येते हा एक गुण आहे, आणि किती मोठा धक्का बसेपर्यंत ती आपले मूळ स्वरूप टिकवते हा दुसरा. दोन्ही गुण एकत्र असतीलच असे नाही. स्वच्छ पाण्याच्या तळ्यात खतांचा निचरा वर्षानुवर्षे येत राहतो आणि वरवर काहीच बदलत नाही. मग एका हंगामात पाणी हिरवे, गढूळ होते आणि निचरा थांबवला तरी ते लवकर निवळत नाही, कारण गढूळपणा हीसुद्धा आता एक स्थिर अवस्था झालेली असते. तळे त्या अवस्थेतही 'लवचिक' असते. फक्त त्याची लवचिकता आता गढूळपणाच्या बाजूने काम करते. पृथ्वी सावरेल असे म्हणताना ती कोणत्या अवस्थेत जाऊन स्थिरावेल हे आपण गृहीत धरतो आणि ते गृहीतक तपासत नाही.

आता वेगाबद्दल. कूर्मगती यांनी उल्लेख केलेल्या पॅलिओसीन-इओसीन सीमेवरील तापमानवाढीत कार्बन हजारो वर्षांच्या काळात हवेत आला आणि त्याचा वार्षिक दर एक अब्ज टन कार्बनच्या आसपास असावा असा २०१६ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. आज आपण जीवाश्म इंधने जाळून वर्षाला सुमारे दहा अब्ज टन कार्बन सोडतो, म्हणजे दसपट. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो आपल्या उत्सर्जनाच्या शंभराव्या भागाइतकाही भरत नाही. खडकांच्या विदारणाची यंत्रणा मुळात ज्वालामुखींशी तोल राखणारी असल्यामुळे तिची क्षमता त्याच मापाची आहे. विहिरीच्या झऱ्याकडून टाकी भरण्याची अपेक्षा करावी आणि त्याच वेळी टाकीचा नळ पूर्ण उघडा ठेवावा, तसे हे आहे. झरा आटलेला नाही, तो आपल्या गतीने चालूच आहे.

खोल काळाचे आकडे वाचताना आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. शेवटच्या आंतरहिमकाळात, म्हणजे दोन हिमयुगांमधल्या उबदार काळात, सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी, जागतिक तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीपेक्षा अर्धा ते दीड अंशच अधिक होते. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा किमान पाच मीटर, कदाचित दहा मीटरपर्यंत उंच होता. २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व सरासरीपेक्षा सुमारे दीड अंश उष्ण होते. बर्फाचे थर वितळायला शतके लागतात म्हणून ती उंची आपल्याला लगेच दिसणार नाही. पृथ्वीच्या दृष्टीने ही एक किरकोळ, परिचित अवस्था आहे; समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या जवळजवळ प्रत्येक महानगराच्या दृष्टीने ती तशी नाही.

उष्मांक

चर्चा व्यवस्थेच्या नाजूकपणाकडे गेली ते योग्यच आहे, तरीही शरीराला वगळू नये. माणूस बर्फाळ प्रदेशापासून वाळवंटापर्यंत राहतो हे निम्नदाब यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यात एक बारीक फरक आहे. थंडीशी आपण वस्त्रांनी आणि अग्नीने झुंजतो. उष्णतेशी झुंजायला शरीरापाशी मुख्यतः घाम आहे, आणि घाम सुकला तरच शरीर गार होते. हवेत ओलावा भरलेला असेल तर घाम निथळतो, पण सुकत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वेट बल्ब तापमान पाहतात, म्हणजे तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले असता तो जे तापमान दाखवतो ते. हे तापमान ३५ अंशांना पोहोचले की निरोगी माणूसही, सावलीत, वाऱ्यात, हवे तेवढे पाणी पीत बसला तरी काही तासांपलीकडे तगू शकत नाही, असे गणित शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडले. नंतर २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा उष्ण-दमट हवेत शरीराचे तापमान सुमारे ३१ अंश वेट बल्बच्या आसपासच आवाक्याबाहेर जाऊ लागल्याचे आढळले. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि उन्हात अंगमेहनत करणारे यांची मर्यादा अर्थातच त्याहून खाली असणार. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार पर्शियन आखात आणि सिंधू नदीचे खोरे येथील काही केंद्रांवर ३५ अंशांची पातळी थोड्या वेळापुरती गाठली गेलेलीच आहे.

मला या विषयात जे सर्वांत बोलके वाटते ते युरोपचे २००३ चे उदाहरण आहे. श्रीमंत देश, उत्तम रुग्णालये, आणि तरीही त्या उन्हाळ्यात ७०,००० हून अधिक माणसे नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. त्यांपैकी पुष्कळ जण वृद्ध होते आणि एकटे राहत होते. उष्णतेने मेलेल्या माणसाच्या घराचे छप्पर उडालेले नसते, दारात पाणी साचलेले नसते. शेजाऱ्यांना काही दिवस कळतही नाही.

खारफुटी

उष्मांक यांच्या शेवटच्या वाक्यावरून मला नेमके जे सांगायचे होते ते सांगतो. धाग्याच्या मूळ लेखात 'आपण' हा शब्द अनेकदा आला आहे आणि तो मला पुरेसा अचूक वाटत नाही. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार ३३० ते ३६० कोटी माणसे अतिशय असुरक्षित परिस्थितीत राहतात, आणि २०१० ते २०२० या दशकात पूर, दुष्काळ व वादळांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अतिअसुरक्षित प्रदेशांत अतिसुरक्षित प्रदेशांच्या पंधरा पट होते. वाऱ्याचा वेग सारखाच असेल, पण तो कोणत्या भिंतीवर आदळतो यावर पुढचे सगळे ठरते.

मात्र हीच गोष्ट उलट्या दिशेनेही खरी आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी तीन ते पाच लाख माणसे मारली. १९९१ मध्ये त्याच किनाऱ्यावर सुमारे १,४०,००० माणसे गेली. २००७ मध्ये सिद्र चक्रीवादळात हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता, आणि २०२० मध्ये अम्फान आले तेव्हा बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आले होते व मृतांची संख्या काही डझनांत राहिली. या पन्नास वर्षांत समुद्र वर चढला, किनाऱ्यावरील लोकसंख्या वाढली आणि देश श्रीमंतांच्या यादीत गेला नाही. बदलले ते एवढेच, की निवारे बांधले गेले, भोंगा आणि झेंडा घेऊन गावोगाव फिरणारे स्वयंसेवक तयार झाले, आणि त्यांच्या सांगण्यावर लोकांचा विश्वास बसला. एका वादळात निवाऱ्यात गेलेली बाई पुढच्या वादळात शेजारणीला ओढून नेते. हा विश्वास कोणत्याही अर्थसंकल्पाच्या रकान्यात दाखवता येत नाही.

निम्नदाब

खारफुटी यांनी माझेच म्हणणे अधिक चांगल्या शब्दांत मांडले आहे. जागतिक हवामान संघटनेच्या आकडेवारीनुसार १९७० ते २०१९ या काळात हवामानाशी संबंधित आपत्तींची नोंदलेली संख्या पाचपट झाली, परंतु मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशावर आले. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात १,८३६ माणसे गेली, त्यानंतर त्या देशाने समुद्राला थोपवणारी प्रचंड बांधकामे केली आणि समुद्राच्या पुराने तेथे तशी हानी पुन्हा झालेली नाही. ओझोनच्या थराचेही तेच: त्याला पडलेले छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आले, १९८७ मध्ये त्याला कारण असलेली रसायने रोखणारा मॉन्ट्रियल करार झाला आणि तो थर आता हळूहळू भरून येत आहे. मग माणसाची असुरक्षितता ही अटळ वस्तुस्थिती आहे असे का मानावे? मला वाटते की चिवटपणा पृथ्वीपाशी आहे तसा तो माणसापाशीही आहे, आणि आपल्या चिवटपणाचे घड्याळ दशकांत चालते.

साखळी

निम्नदाब, दशकांत चालणाऱ्या घड्याळाचा मुद्दा मला फार आवडला आणि तो मूळ लेखाला दिलेले खरे उत्तर आहे. फक्त त्यात एक गफलत आहे. आपण मृत्यू मोजतो, कारण ते मोजता येतात. चक्रीवादळातून जीव वाचलेल्या शेतकऱ्याच्या शेतात खारे पाणी शिरले तर २००९ च्या आयला वादळानंतर झाले तसे ते शेत पुढची काही वर्षे नीट पिकत नाही. तो मृतांच्या यादीत नसतो. तो काही काळाने शहरात, कोणत्या तरी बांधकामावर, भर उन्हात काम करताना सापडतो, म्हणजे एका धोक्यातून निघून उष्मांक यांनी वर्णन केलेल्या दुसऱ्या धोक्यात.

माझे काम मालवाहतुकीशी संबंधित असल्याने मला नाजूकपणा दिसतो तो दुव्यांमध्ये. पनामा कालव्याची दारे चालतात ती गोड्या पाण्यावर; गाटून सरोवरातले पाणी प्रत्येक जहाजाबरोबर समुद्रात जाते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि रोज सुमारे ३६ जहाजे सोडणाऱ्या त्या कालव्याला ती संख्या बावीस-चोवीसवर आणावी लागली. तेथे कोणी मेले नाही, कुठे काही मोडले नाही. पण अर्धे जग पलीकडच्या कारखान्यांना सुट्या भागांसाठी वाट पाहावी लागते, आणि त्याचे कारण एका सरोवरावर न पडलेला पाऊस हे असते, याची कल्पना त्या कारखान्यातल्या कामगाराला नसते.

अन्नाचेही तसेच आहे. माणसाला वनस्पतींपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा वाटा तांदूळ, गहू आणि मका या तीन पिकांतून येतो. भात फुलोऱ्यावर असताना तापमान ३५ अंशांच्या वर काही तास जरी राहिले तरी परागकण नीट काम करत नाहीत आणि लोंब्या पोचट राहतात. रोप हिरवेगार दिसते आणि दाणा भरत नाही. २०१० मध्ये रशियात उष्णतेची लाट आली, वणवे लागले, गव्हाचे पीक गेले आणि ऑगस्टमध्ये रशियाने निर्यात थांबवली. गव्हाचा जागतिक भाव भडकला आणि त्याचा फटका रशियापासून दूर असलेल्या, आयातीवर जगणाऱ्या देशांतील गरिबांना बसला. पीक एका देशात करपले, निर्णय त्या देशाने आपल्यापुरता आणि काहीसा समजण्याजोगा घेतला, आणि भूक तिसरीकडे गेली. निसर्गाची लवचिकता विविधतेतून येते असे पुराजीवी यांच्यासारखे जाणकार सांगतात. आपण मात्र गेली शंभर वर्षे कार्यक्षमतेच्या नावाखाली विविधता कमी करत आलो आहोत: तीनच पिके, मोजकेच कालवे, आणि गोदामात चार दिवसांपेक्षा जास्त माल नको हा आग्रह.

पुराजीवी

ओझोनच्या तुलनेवर एक टिपण करतो. तो करार यशस्वी झाला हे खरे, परंतु तेथे मोजक्या कारखान्यांत बनणारी मोजकी रसायने बदलायची होती आणि त्यांना पर्यायही सापडले. शिवाय अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला सुमारे २०६६ साल उजाडेल असा अंदाज आहे, म्हणजे करारापासून जवळजवळ ऐंशी वर्षे. आणि हे सगळे जमून आलेले उदाहरण आहे. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी आहे. आपण आज जे सोडतो त्यातला बराचसा भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात, पण उरलेल्याचा एक हिस्सा हजारो वर्षे हवेत राहतो.

कूर्मगती

सर्वांचे आभार. दोन गोष्टी मला माझ्या मूळ लेखात दुरुस्त कराव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे, पृथ्वीच्या सावरण्याच्या सगळ्याच गती लाखो वर्षांच्या आहेत, असा समज माझ्या लेखाने झाला असेल तर तो अपुरा आहे. पुराजीवी यांनी आत्ता ज्या शोषणाचा उल्लेख केला, ते दरवर्षी, आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे: आपल्या उत्सर्जनापैकी जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड जमीन आणि समुद्र मिळून काढून घेतात, आणि साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजमाप सुरू झाले तेव्हा हवेत दशलक्षात ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. पृथ्वीने ही मदत केली नसती तर हा आकडा कितीतरी वर असता. मात्र या मदतीची किंमत समुद्र चुकवतो आहे. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे, आणि आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २०१८ च्या अहवालात असे म्हटले होते की दीड अंश तापमानवाढीला उष्ण पाण्यातील प्रवाळांपैकी ७० ते ९० टक्के आणि दोन अंशांना जवळजवळ सगळे नष्ट होतील. तेव्हा मी मूळ लेखात २५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचे जे उदाहरण दिले, ते इतके लांबून आणायची गरज नव्हती.

दुसरी दुरुस्ती 'आपण' या शब्दाबद्दलची. खारफुटी यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पृथ्वी हा शब्द एकवचनी आहे आणि तो शोभतो, कारण तिचा कार्बन, तिचे पाणी आणि तिची उष्णता ही एकाच हिशेबात बसतात. माणूस हा शब्दही आपण त्याच एकवचनात वापरतो आणि मग कुणाच्या वाट्याचा चिवटपणा आणि कुणाच्या वाट्याची हानी हे झाकले जाते. निम्नदाब म्हणतात तसे दशकांचे घड्याळ माणसापाशी आहे, हे खरे. ते सगळ्यांच्या मनगटावर नाही.

खारफुटी

त्याच अनुषंगाने एक नोंद. तुवालू या देशाची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दोनेक मीटरच उंच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाशी एक करार केला आणि तो २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार तुवालूच्या २८० नागरिकांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात कायमचे राहायला जाण्याचा मार्ग खुला झाला. देशाची लोकसंख्या दहा-अकरा हजार आहे, तेव्हा भागाकार ज्याचा त्याने करावा.

२०२३ मध्येच तुवालूने आपली राज्यघटनाही बदलली. हवामानबदलामुळे किंवा अन्य कारणाने भूभाग नाहीसा झाला तरी तुवालू हे राष्ट्र म्हणून कायम अस्तित्वात राहील, असे त्यात आता लिहिलेले आहे. जमीन नसताना देश कोठे असतो, त्याच्या समुद्रातील मासेमारीचा हक्क कोणाकडे जातो आणि त्याच्या पारपत्रावर कोणता पत्ता लिहायचा, हे प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक सध्या गांभीर्याने चर्चेत घेत आहेत. ती बेटे ज्या प्रवाळांच्या सांगाड्यांवर उभी आहेत ते बांधणारे जीव, कूर्मगती यांनी आत्ता दिलेल्या टक्केवारीतलेच आहेत.